वेड्यावाकड्या मालावरची जागा

मेम्फिस, ९ ऑक्टोबर

लोंझो,

नाही, मी काम सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. गुडघे माझे आहेत, ते किती दुखतात ते माझं मी बघेन. चर्चमधल्या बायका दर रविवारी तेच, एर्मा, अडुसष्ट झाली, आता घरी बस. घरी बसून काय करू, माशा मारू? एकतीस वर्षं त्या गोदामात उभी आहे, अजून थोडी उभी राहीन.

आता कामाचं. मॅकअडूने पत्र दिलं. मॅकअडू म्हणजे आमच्या पाळीचा सुपरवायझर, तुला मागे सांगितलं होतं, मान नसलेला. कंपनीच्या छापील कागदावर लिहून दिलंय की अलोंझो बरडेट सुटला की त्याला वेड्यावाकड्या मालाच्या रांगेवर घेऊ. खाली सही आहे, फोन नंबर आहे. मी त्याला सरळ सांगितलं की माझा भाऊ बावीस वर्षं तुरुंगात आहे, पेट्रोल पंपावरच्या दरोड्यात गाडी तो चालवत होता, माणूस मेला, मी काही झाकत नाही. तो म्हणाला, एर्मा, इथे अर्ध्यांचं काही ना काही आहे, पाठ चांगली आहे का त्याची? मी म्हटलं तुझ्यापेक्षा चांगली. तेव्हा सही केली.

काम असं आहे. बेल्टवरून माल येतो. पत्त्याच्या शेवटी पाच आकडे असतात, त्यातले पहिले तीन वाचायचे आणि त्या तिनाची जी घसरगुंडी असेल तिच्यात पार्सल ढकलायचं. खोकी दुसऱ्या रांगांवर जातात. आमच्याकडे येतो वेडावाकडा माल. टायर, रंगाचे डबे, कुत्र्याच्या खाण्याची पोती, प्लास्टिकच्या निसरड्या पिशव्या. आठ माणसं आहोत. म्हातारा परनेल उन्हाळ्यात काम सोडतोय, त्याची जागा तुझी.

नवीन यंत्र येणार म्हणतात. लोक उगाच घाबरलेत. मॅकअडू म्हणतो ते फक्त खोकी घेतं, टायर त्याच्या बापालाही जमणार नाही. तेव्हा तू घाबरू नकोस. पॅरोल बोर्डाला माणूस सोडण्याआधी घर लागतं, घर माझं आहे. नोकरी लागते, ती या कागदावर आहे. कागद चुरगाळू नकोस.

एर्मा

---

१९ ऑक्टोबर

ताई,

कागद मिळाला. मी तो बायबलात ठेवलाय, म्हणजे कोणी हात लावणार नाही. इथे बायबल कोणी उघडत नाही.

समुपदेशक बाईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, बरडेट, असा कागद इथे शंभरात दहांकडे नसतो. मागच्या सुनावणीला माझ्याकडे नुसतं तुझं घर होतं. बोर्डातल्या माणसाने विचारलं होतं, आणि दिवसभर तू करणार काय? मला उत्तर देता आलं नव्हतं. या वेळी देता येईल. सुनावणी सहा मार्चला आहे.

एक मागतो. ते तीन आकडे कुठल्या गावाचे कुठले ते लिहून पाठव. सुटून आल्यावर तुझ्या शेजारी उभं राहून हे कुठलं गं, ते कुठलं गं, असं करत बसलो तर तू सगळ्यांसमोर माझा कान धरशील. धोबीखान्यात माझे हात चालतात, डोकं रिकामं असतं. पाठ करीन.

यंत्राचं तेवढं परत परत वाचलं. पण तू म्हणतेस तर नसेल काही.

लोंझो

---

मेम्फिस, २० नोव्हेंबर

लोंझो,

यादी सोबत आहे. अक्षर वाईट आहे, मला माहीत आहे, सातवीतून शाळा सुटली ती तुलाच सांभाळायला, तेव्हा बोलू नकोस. ३८१ मेम्फिस, ३८६ मिसिसिपीची वरची बाजू, ३८८ टुपेलो, ७२३ नदीपलीकडचं आर्कान्सॉ. तू बसलायस ते ३८० मध्ये. माझी तुला येणारी पत्रंही त्याच घसरगुंडीतून जात असतील.

यंत्र आलं. मला वाटलं होतं रेल्वेच्या इंजिनाएवढं काहीतरी असेल, भिंत पाडतील, वर्षभर धूळ. तसं काही नाही. ट्रकमधून चौकोनी तुकडे उतरवले, एकेक तुकडा जेवणाच्या टेबलाएवढा. वर बोटभर जाडीचे रोलर, ते हवे तिकडे वळतात आणि पार्सल डावीकडे उजवीकडे ढकलतात. वर कॅमेरा, तो पत्ता वाचतो. तुकड्याला तुकडा जोडायचा, खिळा मारायचा, तार घालायची, झालं. शनिवार रविवारात बारा तुकडे जोडले. सोमवारी आलो तर खोक्यांच्या दोन रांगांवरची माणसं दारात उभी, आत कामच नाही. एक तुकडा बिघडला तर काढून दुसरा ठेवतात, पाच मिनिटं. मुलांचा खेळ असतो ना ठोकळ्यांचा, तसं.

जोडणारा मिशिगनचा आहे, डायकस्ट्रा नाव. उंच, गोरापान, सारखा माफ करा म्हणतो. पाय मध्ये आला तरी माफ करा. मला अशी माणसं आवडत नाहीत.

आमची रांग तशीच आहे. त्यांनी आमचाही माल यंत्रावर घालून बघितला. पिशव्या रोलरमध्ये अडकतात, डबे गडगडत खाली पडतात, सगळं ठप्प. आणि ठप्प झालं की आमची सुटका नाही, कारण दिवसाचा माल संपल्याशिवाय इथून कोणी घरी जात नाही, तो नियम जुना आहे. काल यंत्र सोळा वेळा अडकलं. मी मोजलं. तीन इंजिनियर हाताची घडी घालून बघत उभे. मला असं बघवत नाही. पण मला काय त्याचं, तुझी जागा शाबूत आहे.

एर्मा

---

३ डिसेंबर

ताई,

यादी पाठ होत आली. माझ्या शेजारच्या खाटेवर कूपवुड म्हणून एक म्हातारा आहे. तो संध्याकाळी गावं म्हणतो, मी आकडे म्हणतो. काल एकदाच चुकलो, कोरिंथला. तो म्हणतो, बरडेट, तू सुटल्यावर पोस्टमास्तर होशील.

यंत्र सोळा वेळा अडकलं हे वाचून बरं वाटलं. पाप लागेल पण खरं सांगतो. आणखी अडकू दे. तू काही हात घालू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे. आईच्या शिवणयंत्राचा दोरा गुंतला की तू जेवण सोडून सोडवायला बसायचीस, आणि आई नाही म्हणाली की जास्तच.

लोंझो

---

मेम्फिस, १८ डिसेंबर

लोंझो,

कोरिंथ ३८८. टुपेलोबरोबर जातं. लक्षात ठेव.

नाताळचा माल छातीपर्यंत आलाय. दहा दिवस रोज बारा तास. आणि वर ते यंत्र. परवा दुपारी परत अडकलं, सगळा बेल्ट थांबला, आणि आमच्या रांगेतली बीट्रिस भिंतीला टेकून रडायला लागली, तिच्या नातवाचं शाळेतलं नाटक होतं त्या दिवशी. मग मी गेले.

आमच्या खाण्याच्या खोलीत पावाच्या गाडीवाला त्याचे निळे प्लास्टिकचे ट्रे टाकून जातो, महिनोन्महिने नेत नाही. ते आणले. पिशवीचं तोंड खाली दुमडलं आणि ट्रेमध्ये पत्ता वर करून ठेवली. ट्रेचं बूड सपाट, यंत्राला वाटलं खोकं आलं. गेलं सरळ. रंगाचा डबा आडवा, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची घडी. टायर झोपवला. पोतं मध्ये दाबलं की टोकं वर येतात, म्हणून पालथं. एकेक करत चाळीस पाठवले, एक अडकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चक्क टाळ्या.

तो मिशिगनचा माझ्या मागे येऊन उभा होता. मला म्हणाला, "माफ करा, बाई, हे तुम्ही कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "शिकले नाही. कंटाळले."

मग दोन दिवस वहीत लिहून घेत होता. कुठला माल कसा ठेवायचा, कुठल्या पिशवीचं तोंड कुठे. मीही सांगितलं. सांगणार नाही तर काय, तीन शिकलेली माणसं आणि पिशवीचं तोंड दुमडायचं एकालाही सुचू नये. फोटोही काढले माझ्या हातांचे. तोंडाचा नाही, नुसत्या हातांचे.

रोज साडेचारला सुटतोय आता. बीट्रिसने रताळ्याचा केक भाजून आणला, आठजणांनी उभ्या उभ्या खाल्ला. तुझ्या जागेवर उभी राहून खाल्ला मी.

एर्मा

---

६ जानेवारी

ताई,

पत्र कूपवुडला वाचून दाखवलं. टाळ्यांपाशी त्यानेही टाळी वाजवली. म्हणाला, तुझ्या बहिणीला आता तिथे कोणी हलवू शकत नाही. मलाही तसंच वाटतं. ज्याच्याकडून यंत्र शिकतं त्याला कोण काढेल? मला तर वाटतं तुला रांगेची मुख्य करतील, आणि मी तुझ्या हाताखाली येईन. घरी पण तू आणि कामावर पण तू. त्यापेक्षा इथलं बरं, असं कूपवुड म्हणतो.

समुपदेशक बाईंनी सुनावणीची तयारी करून घेतली. त्या बोर्ड झाल्या, मी मी झालो. दिवसभर काय करणार विचारलं तर मी कागद दाखवला आणि रांगेचं काम सांगितलं, टायर, पोती, सगळं. त्या म्हणाल्या, बरडेट, तू असं बोलतोस जणू तिथे काम करतोयस. त्यानंतर त्या मेलेल्या माणसाबद्दल विचारलं. त्याचंही सांगितलं. ते पाठ करून सांगता येत नाही, तरी सांगितलं.

आणखी साठ दिवस.

लोंझो

---

मेम्फिस, ४ फेब्रुवारी

लोंझो,

उशीर झाला लिहायला. थंडी होती, पाइप गोठले होते, दोन दिवस पाणी नव्हतं. बीट्रिस बरी आहे. मी बरी आहे.

मुख्य वगैरे कोणी करत नाही कोणाला, असलं डोक्यात घेऊ नकोस.

बोर्डासमोर नोकरीचं फार लांबवू नकोस. घराचं सांग. मागची खोली झाडून घेतली, खिडकीची काच बसवली, खाट आणली, हे सांग. बावीस वर्षांत एकही तक्रार नाही हे सांग. धोबीखान्याचं सांग. काम करणारा माणूस कुठेही काम करतो, असं म्हण. एकाच जागेवर अडून बसलाय असं त्यांना वाटायला नको.

आकडे पाठ कर. डोक्याला बरं असतं.

एर्मा

---

९ मार्च

ताई,

सुनावणी झाली. नाही म्हणाले. पुढची चार वर्षांनी.

कसं झालं ते सांगतो. पडद्यावर तिघं होते, मी इकडे खोलीत. सगळं बरं चाललं होतं. मधल्या बाईने तर मान हलवली माझ्या बोलण्यावर. मी कागदाचं सांगितलं, रांगेचं सांगितलं. तू लांबवू नको म्हणाली होतीस, पण त्यांनी विचारलं आणि मी थांबलोच नाही, आकडे म्हणत टुपेलोपर्यंत गेलो. तेव्हा डाव्या बाजूच्या माणसाने कागद उलटला. म्हणाला, आमच्या अधिकाऱ्याने मागच्या आठवड्यात त्या नंबरवर फोन केला होता. तिथले मॅकअडू म्हणाले, ही जागा आता नाही. ती रांगच नाही. मग तो मला म्हणाला, "मिस्टर बरडेट, तुम्ही आम्हाला नसलेल्या नोकरीचं वर्णन का करताय?"

खोटारडा ठरलो, ताई. बावीस वर्षांत मी इथे एकदाही खोटं बोललो नाही, आणि त्या एका प्रश्नाने खोटारडा.

त्या मॅकअडूने असं का केलं? सही त्याची होती. तुला हे माहीत होतं का? नसणारच. असतं तर तू सांगितलं असतंस.

लोंझो

---

मेम्फिस, १६ मार्च

लोंझो,

पत्र मिळालं. काय लिहू.

मॅकअडू हा वरच्यांचं ऐकणारा माणूस आहे, त्याच्या हातात फार नसतं. रांग बंद झाली ते खरं आहे. यंत्राला आणखी तुकडे जोडले. गोदामात असं होतं.

तू जेवत जा. कूपवुडला माझा नमस्कार सांग. खोली तशीच ठेवते.

एर्मा

---

२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू एवढं थोडं कधी लिहीत नाहीस आणि कोणाची बाजू तर कधीच घेत नाहीस. तू त्याला भितेस का? तुझी नोकरी त्याच्या हातात आहे म्हणून गप्प आहेस, हे मला कळतं. पण मला आता भ्यायचं काय कारण आहे?

मी त्याला पत्र लिहिलंय. पाच पानं. त्याने माझी चार वर्षं घेतली हे लिहिलंय, आणि मी कधीतरी बाहेर येणार आहे आणि माझी स्मरणशक्ती चांगली आहे, तेही लिहिलंय. कूपवुड म्हणतो पाठवू नकोस, धमकी म्हणून धरतील आणि पुढची सुनावणीही जाईल. जाऊ दे. आता काय राहिलंय?

मला त्याच्या घरचा पत्ता पाठव. गोदामाच्या पत्त्यावर गेलं तर कोणी फाडून टाकेल. आठवड्यात आला नाही तर गोदामावरच टाकीन.

लोंझो

---

मेम्फिस, ८ एप्रिल

लोंझो,

ती पाच पानं फाड. हे वाचायच्या आधी फाड. मग पुढे वाच.

मॅकअडूने काही केलं नाही. मी केलं.

डायकस्ट्राने ती वही मिशिगनला नेली. जानेवारीच्या शेवटी ट्रकमधून नऊ नवीन तुकडे आले. ट्रे उचलणारा एक, ट्रे सरकवणारा एक, वरून हात आलेला एक. तो हात पिशवीचं तोंड दुमडतो. मी दुमडते तसंच, अंगठा आत घालून. टायर झोपवतो. पोतं पालथं करतो. मी समोर उभी राहून बघितलं, माझंच सगळं. आठ जागांतल्या सहा त्याच आठवड्यात गेल्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच सहा. गालिचे आणि लांब नळ्या तेवढ्या यंत्राला जमत नाहीत, त्यावर दोघी ठेवल्या, सर्वात जुन्या म्हणून. मी आणि बीट्रिस. परनेलची जागा, म्हणजे तुझी, पहिल्याच दिवशी खोडली.

तू डिसेंबरमध्ये लिहिलं होतंस, हात घालू नकोस. ते पत्र मी वाचलं होतं. वाचून हसले होते. यंत्र अडकत राहिलं असतं तर त्यांनी नाताळानंतर आमच्या रांगेचा नाद सोडला असता, मॅकअडूनेच मला सांगितलं नंतर. वरून तसा कागद आला होता. नुसतं भिंतीला टेकून उभं राहायचं होतं मला. बाकी सगळे राहिले होते.

मॅकअडूकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा म्हटलं, माझी जागा लोंझोला दे, मी जाते. तो म्हणाला, तू गेलीस तर ती जागा बंद होते, नव्या माणसाला द्यायची नाही असा हुकूम आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, फोन आला तर नुसतं हो म्हण. मी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नाहीत, त्याच्यापुढे जोडले. तो खाली मान घालून म्हणाला, "एर्मा, सरकारी माणसाशी खोटं बोललो तर मीही जाईन." त्यालाही दोन पोरी आहेत. जूनमध्ये तोही जातोय, यंत्राला सुपरवायझर लागत नाही.

मग फेब्रुवारीभर हिंडले. टायरचं दुकान, कोंबड्यांचा कारखाना, मोटारी धुण्याची जागा, शवपेट्या बनवणारा, चर्चचा माळी. अकरा ठिकाणं. दोघं म्हणाले पाठवा, बघू. कागदावर लिहून द्यायला एकही तयार नाही. मला वाटत होतं शेवटच्या दिवसापर्यंत काहीतरी हाती लागेल आणि तुला कळायच्या आधी कागद बदलेन. म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू बोर्डासमोर निदान खोटारडा ठरला नसतास. तेही माझंच.

आता तू म्हणशील, ताईला काय माहीत होतं. माहीत नव्हतं, पण तू सांगितलं होतंस. माझी समजूत काढू नकोस. मला चालणार नाही.

चार वर्षांनी मी बहात्तरची. खोली असेल की नाही सांगता येत नाही, मी असेन की नाही तेही नाही, तेव्हा माझ्यावर अवलंबून राहू नकोस. समुपदेशक बाईंना विचार, सुटलेल्यांना ठेवून घेणाऱ्या संस्था असतात, त्यांच्या यादीत नाव घाल. आकडे विसर. ते आता कोणालाही लागत नाहीत.

शिव्या घालायच्या असतील तर पाच पानं मला लिही, पत्ता तुझ्याकडे आहे. मॅकअडूचा मी देणार नाही. मी अजून कामावर का जाते, तिथे उभी राहून काय बघते, झोप लागते का, हे मला विचारू नकोस. विचारलंस तरी मी सांगणार नाही.

एर्मा